सातव्या वर्षाचं दार

२०२० च्या डिसेंबरात, सगळं जग एका विषाणूशी झुंजत असताना, जपानच्या आरोग्य मंत्रालयाने सार्वजनिक स्नानगृहांच्या नियमावलीतला एक आकडा बदलला. साधारण दहा वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या मुलामुलींना भिन्नलिंगी माणसांबरोबर एकत्र आंघोळ करू देऊ नये, असं तिथे आधी लिहिलेलं होतं. दहाच्या जागी सात आले. म्हणजे आईबरोबर बायकांच्या बाजूला जाणारा मुलगा आणि बाबांबरोबर पुरुषांच्या बाजूला जाणारी मुलगी, दोघांचीही मुदत एकदम तीन वर्षांनी कमी झाली.

सरकारी आकडे बदलतच असतात. या आकड्याची गंमत तो कुठून आला यात आहे. मंत्रालयासाठी संशोधकांनी एक पाहणी केली होती. तिच्यात मोठ्या माणसांना तर विचारलंच, पण सात ते बारा वर्षांच्या मुलामुलींनाही विचारलं: भिन्नलिंगी माणसांबरोबर आंघोळ करायला तुम्हाला कधीपासून लाज वाटायला लागली? सर्वांत जास्त मुलांनी सांगितलं, सहाव्या वर्षी. त्याखालोखाल सातव्या. मुलांच्या अंगावरचे कपडे आणि मुलांच्या मनातला संकोच याबद्दलचा नियम मुलांनाच विचारून ठरवावा, ही कल्पना किती साधी आणि तरी किती दुर्मीळ! पोहण्याच्या तलावावर, स्नानगृहात, दुकानातल्या कपडे बदलायच्या खोलीपाशी जगभर आईबाप हाच प्रश्न घेऊन उभे असतात: याला कोणत्या दारातून आत न्यायचं? उत्तर देणारी पाटी नेहमी मोठ्यांनीच लिहिलेली असते.

जपानमध्ये हा प्रश्न इतका खोलवर का गेला, हे समजायला तिथलं ‘सेंतो’ डोळ्यांसमोर आणावं लागेल. सेंतो म्हणजे गल्लीतलं सार्वजनिक स्नानगृह. घराघरांत न्हाणीघर नव्हतं तेव्हा अख्खं शहर संध्याकाळी तिथे जायचं. १९६८ च्या सुमारास देशभरात अशी जवळपास अठरा हजार स्नानगृहं होती. आता दोन हजारही उरलेली नाहीत. दारावर कापडी पडदे लोंबतात, एकावर ‘पुरुष’, दुसऱ्यावर ‘स्त्रिया’. जुन्या पद्धतीच्या सेंतोत आत शिरताच मधोमध एक उंच बैठक असते. तिच्यावर बसलेला मालक किंवा मालकीण दोन्ही बाजूंचे पैसे घेतात आणि दोन्ही बाजूंवर नजर ठेवतात. दोन बाजूंच्या मधली भिंत छतापर्यंत जात नाही. वर मोकळी जागा असते, वाफ इकडून तिकडे जाते, आवाजही जातो. पलीकडून बायको हाक मारून विचारते, निघायचं का? इकडून नवरा ओ देतो. तिकिटांचे दरही वयावर: टोकियोत सहा वर्षांखालचे, सहा ते बाराचे आणि बारावरचे असे तीन.

या अर्धवट भिंतीच्या दोन्ही बाजूंना मोकळेपणाने ये-जा करणारा एकच प्राणी होता: लहान मूल. आज आजीबरोबर, उद्या वडिलांबरोबर. आणि मग एक दिवस त्यातलाच एखादा मुलगा पडद्यापाशी थांबतो आणि म्हणतो, मी आजोबांबरोबर जातो. तो दिवस कोणता, हे कायद्याने कसं ठरवायचं?

जपानी कायद्याने ते ठरवायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा केला, आणि प्रत्येक वेळी आकडा हलला. आधी तर मोठ्यांसाठीच भिंत नव्हती. एडोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, स्नानगृहांत स्त्री-पुरुष एकत्र न्हात. १७९१ मध्ये शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, राजवटीने त्यावर बंदी घातली, पण बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागली यावरूनच ती किती पाळली गेली ते कळतं. १८५४ साली अमेरिकी नौदल अधिकारी पेरी याच्या ताफ्याने शिमोदा बंदरात असं स्नानगृह पाहिलं आणि ते हबकले. ताफ्यातला चित्रकार विल्हेल्म हाइने याने त्याचं चित्र काढलं. मोहिमेच्या अधिकृत वृत्तांतात ते छापलंही गेलं, पण नंतरच्या काही प्रतींतून वगळलं गेलं. परदेशी पाहुण्यांसमोर आपण ‘सुधारलेले’ दिसलो पाहिजे, ही शोगुनची राजवट जाऊन आलेल्या मेइजी काळातल्या राज्यकर्त्यांना मोठी काळजी होती. १८७२ मध्ये टोकियोत एकत्र स्नानाला दंड ठरला. मग मुलांचा प्रश्न उभा राहिला. १८९० च्या नियमाने सांगितलं: सात वर्षांपासून पुढे एकत्र नको. दहाच वर्षांनी, १९०० साली, गृह मंत्रालयाने ती रेघ बारावर नेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशव्यापी मार्गदर्शक नियमात दहा आले. काही प्रांतांनी ते वर ठेवलं, काहींनी खाली. आणि १३० वर्षांनी, २०२० मध्ये, आकडा फिरून सातावर आला. टोकियो महानगराने आपल्या अध्यादेशात तो १ जानेवारी २०२२ पासून लागू केला.

सात, बारा, दहा, सात. १८९० च्या अधिकाऱ्यांनी एकाही मुलाला काही विचारलेलं नव्हतं. त्यांचा सात आणि आजचा सात सारखे दिसतात, पण त्यांची वाट वेगळी आहे. त्यांचा सात फार जुन्या ठिकाणाहून आला असावा. चीनच्या प्राचीन ‘लीजी’ या विधिग्रंथात मुलांच्या शिक्षणाची वयं एकापुढे एक दिलेली आहेत. सहाव्या वर्षी अंक आणि दिशांची नावं शिकवावीत. सातव्या वर्षापासून मुलगा आणि मुलगी एका चटईवर बसू नयेत, एकत्र जेवू नयेत. आठव्या वर्षी दारातून आत-बाहेर जाताना मोठ्यांच्या मागे राहायला शिकवावं. कोरियात आणि जपानमध्ये ही सात वर्षांची मर्यादा म्हणीसारखी लोकांच्या तोंडी रुळली. त्या काळच्या मोजणीत मूल जन्मतःच एक वर्षाचं धरत आणि नवं वर्ष लागलं की एक वर्ष वाढवत. म्हणजे ग्रंथातला सात आपल्या हिशेबाने साधारण सहाच्या आसपास येतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पंडितांनी सांगितलेलं वय आणि २०२० च्या जपानी मुलांनी सांगितलेलं वय एकमेकांच्या इतकं जवळ असावं, याचं मला फार आश्चर्य वाटतं. पंडितांना शिस्त हवी होती, मुलांना आडोसा हवा होता. कारणं वेगळी होती. तरीही दोघांनी बोट ठेवलं ते वाढीच्या एकाच वळणावर.

त्या वळणावर मुलाच्या मनात नक्की काय घडतं?

लाज ही काही सातव्या वर्षी अचानक उगवणारी गोष्ट नाही. चार्ल्स डार्विनने १८७२ मध्ये भावनांच्या आविष्कारावर पुस्तक लिहिलं, त्यात लाजून चेहरा लाल होणं हा सर्व आविष्कारांत सर्वाधिक मानवी आविष्कार असल्याचं म्हटलं. अगदी तान्ही बाळं लाजत नाहीत हे त्याने नोंदवलं, आणि दोन ते तीन वर्षांच्या दोन मुली लाजल्याचं उदाहरणही दिलं. बरोबर शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, ब्यूला ॲम्स्टरडॅम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलांच्या नाकावर नकळत रंगाचा ठिपका लावून त्यांना आरशासमोर ठेवलं. अगदी लहान मुलं आरशातल्या बाळाशी खेळायला लागली. दीड ते दोन वर्षांची मुलं मात्र आरशाऐवजी स्वतःच्या नाकाला हात लावू लागली: ते बाळ म्हणजे मीच आहे! आणि स्वतःला ओळखण्याच्या याच वयाच्या आसपास काही मुलं आरशासमोर संकोचून मान फिरवताना दिसली. ‘मी’ सापडला त्याच सुमारास ‘मला कोणीतरी बघतंय’ हेही सापडलं.

पण हा संकोच अंगाचा नव्हे. पाहुणे आले की आईच्या पदरामागे तोंड लपवणारी अडीच वर्षांची मुलगी आंघोळीनंतर टॉवेल टाकून घरभर खिदळत पळते. तिला बघितलं जाण्याची लाज आहे, कपडे नसण्याची नाही. या दोन लाजा एकमेकींत मिसळायला अजून चार-पाच वर्षं जायची असतात.

तोवर मुलाला मुलगा-मुलगी हा भेद कळत नाही का? कळतो, पण आपल्यासारखा नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सँड्रा बेम यांनी आपल्या लहान मुलाची एक हकिकत सांगितली आहे. तो केसांना पिना लावून बालवाडीत गेला. दुसरा एक मुलगा म्हणाला, तू मुलगी आहेस, कारण पिना मुलीच लावतात. बेमबाईंच्या मुलाला घरी शिकवलेलं होतं की मुलगा की मुलगी हे शरीरावरून ठरतं, पिनांवरून नाही. त्याने तसं समजावून सांगितलं. समोरच्याला ते मुळीच पटलं नाही. त्याचं म्हणणं असं, की तसलं शरीर सगळ्यांचंच असतं, पिना मात्र फक्त मुलीच लावतात! बेमबाईंनी पुढे १९८९ मध्ये या विषयावर अभ्यास प्रसिद्ध केला आणि बालवाडीच्या वयातल्या अनेक मुलांच्या लेखी स्त्री-पुरुष भेद केस, कपडे आणि नाव यांत असतो हे दाखवलं.

आणि जो भेद कपड्यांत आहे, तो कपडे बदलले की बदलतो. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण १९६९ मध्ये रीटा डीव्हराइस यांनी केलेला प्रयोग मला बालमानसशास्त्रातल्या सगळ्यांत देखण्या प्रयोगांपैकी वाटतो. त्यांच्याकडे मेनार्ड नावाचं एक शांत मांजर होतं. मुलांना ते दाखवलं, गोंजारू दिलं. मग त्याचं पुढचं अंग पडद्याआड नेऊन त्याला कुत्र्याचा मुखवटा चढवला. या सगळ्या वेळात मांजराचं मागचं अंग आणि शेपूट मुलांच्या डोळ्यांसमोरच होती. मग मांजर वळवून विचारलं, हा आता कोण आहे? भुंकेल का? तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांनी सांगितलं की हा आता कुत्राच आहे. सहा वर्षांच्या मुलांना मात्र कळत होतं की मुखवटा चढवला तरी मांजर मांजरच राहतं. दिसणं बदललं तरी असणं बदलत नाही, ही जाण साधारण चार ते सात या वर्षांत पक्की होत जाते. लॉरेन्स कोहलबर्ग यांनी १९६६ मध्ये हेच मुलगा-मुलगी असण्याबद्दल मांडलं होतं: आधी मुलाला आपण कोण आहोत ते नावापुरतं कळतं, मग मोठेपणीही आपण तेच राहणार हे कळतं, आणि सहा-सातच्या सुमारास कळतं की केस, कपडे, खेळ काहीही बदललं तरी ते बदलत नाही.

यात आणखी एक गोष्ट मिसळावी लागते, आणि तिच्याशिवाय कपडे बदलायच्या खोलीतला संकोच पुरा होत नाही. १९८५ मध्ये योझेफ पेर्नर आणि हाइन्त्स विमर यांनी मुलांना आइस्क्रीमच्या गाडीची गोष्ट सांगितली. जॉन आणि मेरी बागेत आहेत, आइस्क्रीमवाला बागेतून चर्चपाशी जातो. दोघांनाही हे वेगवेगळं, एकमेकांच्या नकळत समजतं. मग मुलांना प्रश्न: मेरी आइस्क्रीम आणायला कुठे गेली असेल असं जॉनला वाटेल? उत्तर द्यायला जॉनच्या डोक्यात शिरून तिथून मेरीच्या डोक्यात काय चाललंय हे बघावं लागतं. चार वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या मनात चुकीची समजूत असू शकते एवढं समजतं. पण एका मनातलं दुसरं मन पाहणं मुलांना साधारण सहाव्या-सातव्या वर्षी जमू लागतं.

आता अशा एखाद्या मुलाला तलावावरच्या बायकांच्या चेंजिंग रूममध्ये आईच्या शेजारी उभं करा. पाच वर्षांचा असताना त्याच्यासाठी ती एक ओली, गजबजलेली, साबणाच्या वासाची खोली होती. सातव्या वर्षी तीच खोली मनांनी भरलेली असते. ती मावशी माझ्याकडे बघते आहे. मी इथे का आलो असं तिला वाटत असेल. तिला तसं वाटतंय हे मला कळलं, हेही तिला कळलं असेल. त्यात आणखी एक भर: तो आता शाळेत जातो. जपानमध्ये सहा वर्षं पूर्ण झाली की एप्रिलमध्ये पहिली सुरू होते. समोरून वर्गातली मुलगी तिच्या आईबरोबर आली तर? मला वाटतं, जपानी मुलांनी सहा आणि सात हे आकडे सांगितले ते इथूनच. लाज एकटीने येत नाही. आपण कोण आहोत हे कायमचं कळणं, दुसऱ्याच्या मनातला आपण दिसणं आणि ओळखीचं कोणीतरी भेटण्याची भीती, हे सगळं त्याच एका-दोन वर्षांत एकत्र येतं.

अर्थात संकोच कशाचा वाटावा हे घर आणि समाज शिकवतात. फिनलंडमध्ये कुटुंबंच्या कुटुंबं घरच्या सौनात एकत्र बसतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मनाची तयारी निसर्ग करतो, त्या तयारीत काय भरायचं ते संस्कृती ठरवते. म्हणून एका देशाचा आकडा उचलून दुसऱ्या देशाच्या दारावर चिकटवता येत नाही.

दक्षिण कोरियाने तर जपानच्याही खाली रेघ ओढली. तिथे सार्वजनिक आरोग्याच्या नियमात स्नानगृहाबरोबर कपडे बदलायच्या खोलीचाही स्पष्ट उल्लेख आहे. आधी ही मर्यादा पाच वर्षांची होती. २०२२ पासून ती चार वर्षांवर, मोजून ४८ महिन्यांवर आली. मुलांची वाढ आता लवकर होते असं कारण दिलं गेलं, आणि स्नानगृहं चालवणाऱ्यांचा त्यासाठी आग्रह होता. खोलीतल्या इतर बायकांची अडचण त्यामागे होती, आणि ती मी खोटी मानत नाही. मोठा होत चाललेला मुलगा टक लावून बघतो तेव्हा समोरच्या बाईला अवघड वाटणं स्वाभाविक आहे, तो कितीही निष्पाप असला तरी. पण चार वर्षांच्या मुलाला अंगाची लाज वाटत नसते हे आपण वर पाहिलं. तेव्हा कोरियाचा आकडा मुख्यतः मोठ्यांच्या संकोचाचा आहे, जपानचा मुलांच्या.

ब्रिटनचा आकडा आणखी तिसऱ्याच वाटेचा. तिथल्या बहुतेक तरणतलावांवर पाटी असते: आठ वर्षं आणि त्यावरच्या मुलांनी आपापल्या बाजूची खोली वापरावी. आणि त्याच तलावांवर आठ वर्षांखालच्या मुलाला मोठ्या माणसाशिवाय पाण्यात सोडत नाहीत. दोन्ही नियम शेजारी ठेवले की अर्थ लागतो. ज्या मुलाला पाण्यात एकटं सोडता येत नाही त्याला ओल्या फरशीच्या खोलीत तरी एकटं कसं सोडायचं? बुडण्याची भीती आणि लाज या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी तिथे एकाच आकड्यावर येऊन टेकतात.

आकडा कोणताही घ्या, त्याच्या कडेला कोणीतरी अडकतंच. नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन एकटा आलेला बाप. मुलाला एकटीने वाढवणारी आई, जिचा आठ वर्षांचा मुलगा पुरुषांच्या बाजूला एकटा जायला घाबरतो. त्याची भीती आपण हसण्यावारी नेऊ नये, कारण अनोळखी मोठ्या माणसांच्या खोलीत मुलाला एकटं पाठवताना आईच्याही पोटात गोळा येतो. नातीला पोहायला आणणारे आजोबा. चौदा वर्षांचा, आईच्या मदतीशिवाय कपडे बदलू न शकणारा मुलगा, ज्याच्यासाठी वयाचा कोणताच नियम कामाचा नाही. ब्रिटनमध्ये अशा मोठ्या अपंग मुलांसाठी आणि माणसांसाठी २००६ पासून ‘चेंजिंग प्लेसेस’ नावाची मोहीम चालली. मोठं बाक, उचलायची यंत्रणा आणि दोन मदतनिसांना पुरेल एवढी जागा असलेली खोली त्यांनी मागितली, आणि २०२१ पासून इंग्लंडमध्ये ठरावीक मोठ्या नव्या सार्वजनिक इमारतींत ती बांधणं नियमानेच आवश्यक झालं.

मग यावर तोडगा काय? आकड्यावर भांडत बसण्यापेक्षा भिंत वेगळ्या जागी बांधायची. हे काम जर्मनीच्या तरणतलावांनी फार पूर्वी केलं, आणि तेही लाजेच्या नव्हे तर चिखलाच्या कारणाने! तिथे ‘वेक्सेलकाबीने’ म्हणतात अशा छोट्या खोल्यांची रांग असते. प्रत्येक खोलीला समोरासमोर दोन दारं. एक दार बुटांच्या वाटेवर उघडतं, दुसरं अनवाणी वाटेवर. बाहेरून बूट घालून आत शिरायचं, कपडे बदलायचे, बूट-कपडे उचलून दुसऱ्या दाराने अनवाणी बाहेर पडायचं, वाटेत ते कपाटात ठेवायचे, आणि तलावाकडे जायचं. रस्त्यावरची घाण पाण्यापर्यंत जाऊ नये ही मूळ कल्पना. कड्या लावण्याची युक्ती तर बघण्यासारखी: खोलीतलं लाकडी बाक खाली पाडलं की दोन्ही दारं एकदम बंद होतात, बाक उचलल्याशिवाय कोणतंही दार उघडत नाही. एक दार लावलं आणि दुसरं विसरलं, असं होऊच शकत नाही.

या रांगेत कोणत्याही खोलीत कोणीही जाऊ शकतं. स्त्री, पुरुष, मुलगी आणि बाबा, आजी आणि नातू. काही खोल्या मुद्दाम मोठ्या, कुटुंबासाठी. खोली एका वेळी एकाच कुटुंबाची झाल्यामुळे ‘किती वर्षांपर्यंत?’ हा प्रश्न कपडे बदलण्यापुरता सुटतो. (शॉवरपाशी तो पुन्हा उभा राहतो, कारण तिथे शॉवर स्त्री-पुरुषांचे वेगळे असतात.) ब्रिटनमध्येही गेल्या काही दशकांत बांधलेल्या अनेक तलावांनी अशीच रचना घेतली आणि तिला ‘चेंजिंग व्हिलेज’ असं नाव पडलं. तिच्यात एक खोट राहून जाते: मधल्या पातळ भिंती खाली आणि वर मोकळ्या ठेवल्या तर शेजारच्या खोलीतून मोबाइलचा कॅमेरा सरकवता येतो. असे गुन्हे झाले आहेत. म्हणून ती भिंत फरशीपासून छतापर्यंतच हवी. यात काटकसर करणाऱ्या तलावावर मी माझ्या घरातलं मूल पाठवणार नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी भिंतीऐवजी घड्याळाने उत्तर दिलं. पालिकेच्या तलावावर एक वेळ बायकांची, बाकीच्या वेळा पुरुषांच्या किंवा सगळ्यांच्या. लेडीज बॅचला आई मुलीला घेऊन येते तेव्हा मुलगाही सोबत असतो, आणि त्याला किती मोठा होईपर्यंत आत घ्यायचं हे तलावावरची माणसं त्याच्या उंचीकडे बघून ठरवतात. आपल्या अंगवळणी पडलेला दुसरा आकडा रेल्वेचा आहे: बायकांच्या डब्यात बारा वर्षांखालच्या मुलाला आई, बहीण, मावशीबरोबर बसता येतं. बारा. १९०० सालच्या जपानी गृह मंत्रालयाचाही आकडा तोच होता. डब्यासाठी तो ठीक आहे, कारण डब्यात कोणी कपडे बदलत नाही. तोच आकडा मनात धरून अकरा वर्षांच्या मुलाला बायकांच्या चेंजिंग रूममध्ये ओढून नेणं मात्र त्याच्यावर अन्याय आहे आणि तिथल्या बायकांवरही.

इथे पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात नवे तलाव बांधले जात आहेत, सोसायट्यांच्या आवारात तर ठिकठिकाणी. त्यांच्या नकाशावर दोन मोठे चौकोन असतात, एकावर ‘जेन्ट्स’, दुसऱ्यावर ‘लेडीज’. तुमच्या सोसायटीची किंवा वॉर्डाची अशी बैठक असेल तर तिथे एवढी मागणी नक्की करा: या दोन चौकोनांच्या मधे निदान दोन खोल्या कुटुंबासाठी हव्यात, दारं आतून लागणारी, भिंती छतापर्यंत, आणि त्यांतली एक चाकाची खुर्ची फिरेल एवढी मोठी. आणि तलावाची नियमावली लिहायच्या आधी तिथे पोहायला येणाऱ्या पहिली-दुसरीतल्या मुलांना बोलावून विचारा, की तुम्हाला कुठे कपडे बदलायला बरं वाटेल. सहा-सात वर्षांचं मूल या प्रश्नाचं उत्तर अगदी नीट देऊ शकतं.